पलीकडच्या खाडीतल्या तिसऱ्या

सदानंद गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याच खोलीतल्या नळाला वायसर बसवत होतो. सुट्टी संपवून तो दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्याचा चुलता म्हणाला, "तिसऱ्या खाल्ल्या आणि गेला." मी म्हटलं, काहीतरीच काय... अहो, तिसऱ्या-शिंपले तपासणं हीच त्याची नोकरी!

मारुंजीतल्या आमच्या शेतावर खोल्या उठल्या, त्यातला हा पहिला भाडेकरू. कोकणातला. परदेशी जाणाऱ्या शिंपल्यांचा अर्क काढायचा, यंत्रावर चढवायचा, पांढऱ्या उंदरांना टोचून मरतात का म्हणून घड्याळ बघत बसायचं, हे त्याचं काम. जेवता जेवता सांगायचा, "काका, शिंपले विषारी शेवाळ खातात. त्यांना काही होत नाही, विष मात्र अंगात साठतं. उकळा, कोकम घाला, जात नाही. आधी ओठ बधिर होतात, मग श्वास थांबतो. त्यावर औषध नाही." आमची ही ताट घेऊन आत निघून जायची.

त्याच्या वाडीवर रोज तिसऱ्याच. "परक्यांचं ताट तपासतो, आईचं कोण तपासणार?" म्हणून तो आईकडून एसटीने बर्फातलं पाकीट मागवायचा, साहेबाच्या विनवण्या करून तपासायचा आणि उरलेलं आमच्या फ्रीजमध्ये ठेवायचा. ही करवादायची, "लई वास मारतुया, न्या की ते." या खेपेलाही तपासणीत काही निघालं नाही. आमच्याच फोनवरून त्यानं आईला कळवलं, "बिनधास्त खा. मीपण येतो खायला."

आईनं हौसेनं केल्या. पहिलं ताट त्याला वाढलं. ओठ बधिर झाले तेव्हा त्याला सगळं कळलं असणार... हा विचार माझा जीव खातो.

महिन्याभरानं आई सामान न्यायला आली. हिनं फ्रीज उघडून विचारलं, "ह्याचं काय करायचं?" आईनं पाकीट हातात घेतलं, पदरानं पुसलं.

"आम्ही रोज खातो त्या आमच्या दारातल्या बारक्या हो, चिखलाच्या. साहेबांपुढे त्या कशा ठेवायच्या? पोराची मान खाली जायला नको. म्हणून दरवेळी पलीकडच्या खाडीतल्या मोठ्या मागवून पाठवायची मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांत विष नव्हतं ना, भाऊ?"

हिनं माझा हात घट्ट धरला.

"नव्हतं," मी म्हटलं.

पाकीट अजून फ्रीजमध्येच आहे. वासाबद्दल ही आता काही बोलत नाही.