पंढरीनाथची मराठवाडा लाइन

डॉक्टर सोडला तर पंढरीनाथ शिर्केच्या डायबेटिसची खबर दोघांनाच होती, त्याला आणि बायकोला, सुगंधाला. तिसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून गड्याने जेवढी धडपड केली, तेवढी पथ्य पाळायला केली असती तर बरं झालं असतं.

भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो सेल्समन होता. मराठवाड्याची लाइन त्याची. सॅम्पलची बॅग मांडीवर घेऊन एसटीने हाडं खिळखिळी करून घ्यायची, लॉजवर कडी लावून इन्सुलिन टोचायचं आणि दिवसभर दुकानोदुकानी हसत फिरायचं. दुकानदाराने मागवलेला चहा गोडच असायचा आणि तो प्यावाच लागायचा; चहाला नाही म्हणणाऱ्याला ऑर्डर कोण देणार? टूरवरून शांती नगरच्या घरी परतला की बूटही न काढता फरशीवर आडवा व्हायचा. सुगंधाच्या हाकेला ओ देणंही त्याच्या जिवावर यायचं.

पण सांगायची सोय नव्हती. त्याच्यासारखाच सेल्समन असलेल्या लवूला दम्याचा त्रास निघाला, तेव्हा मालक हसमुखभाईंनी त्याची लाइन काढून त्याला पॅकिंगला बसवलं होतं. काल गावोगाव शेठ लोकांच्या गादीवर बसणारा लवू आज खोक्यांना सुतळी बांधत होता. ते बघून पंढरीनाथने तोंडाला कुलूप घातलं.

ब्याण्णवच्या पावसाळ्यानंतर जालन्यात घोळ झाला. सकाळी इन्सुलिन घेतलं, पण भांड्यांचे दुकानदार काबराशेठ भावावरून घासाघीस करत बसले आणि जेवण राहून गेलं. पंढरीनाथला दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली, आणि तो डब्यांच्या उतरंडीवर कोसळला. बाजारात खणखणाट.

शेठनी दारू उतरावी म्हणून लिंबू सरबत पाजलं. त्यातल्या साखरेने तो शुद्धीवर आला.

"काय पंढरीनाथ, दिवसाढवळ्या?" शेठ म्हणाले.

लाइनवरचा सेल्समन पितो, यात बाजाराला काही वावगं वाटत नाही. आजारी माणूस मात्र कुणाला नको असतो. पंढरीनाथ कसनुसं हसला. "रात्रीची उतरली नाही, शेठ."

ही गोष्ट त्याने घरी सांगितली नाही. कशी सांगणार? सुगंधाच्या वडिलांनी दारूपायी संसाराची माती केली होती. न पिणारा नवरा मिळाला, एवढ्याच गोष्टीचा तिला आयुष्यात अभिमान होता.

दसऱ्याला कारखान्यात मशिनांची पूजा असायची, सगळे बायकामुलांना घेऊन यायचे. प्रसाद वाटता वाटता हसमुखभाई सगळ्यांदेखत सुगंधाला म्हणाले, "भाभी, तुमचा माणूस एक नंबर आहे. फक्त टूरवर थोडी कमी प्यायला सांगा. जालन्यात काबराच्या दुकानात आडवा झाला होता."

चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुगंधाने पंढरीनाथकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. तो खाली मान घालून उभा राहिला, मेल्याहून मेल्यासारखा.

"हो भाई," ती म्हणाली. "सांगते मी त्यांना."

दोघं स्टेशनकडे निघाले. वाटेत ती म्हणाली, "आई पण असंच चारचौघांत सांभाळून घ्यायची बाबांना. पण बाबा खरंच प्यायचे, निदान तिला त्यासाठी खोटं बोलावं लागत नव्हतं."

पंढरीनाथ जागच्या जागी थांबला. "तू इथेच थांब," म्हणाला आणि उलट्या पावली कारखान्यात गेला. मालक शटर ओढायला सांगत होते. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: डायबेटिस, इन्सुलिन, जालना.

हसमुखभाईंनी शटर ओढणाऱ्याला हाताने थांबवलं. "दारुडा चालला असता रे," ते म्हणाले. "बाहेरगावी तुला काही झालं तर मी भाभीला काय सांगू? लाइन ऑफिसातल्या यतीनला देतो. तू सोमवारपासून पॅकिंगला ये."

तो परत आला तेव्हा सुगंधा रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती.

"गेली ना लाइन?"

"गेली."

तिने डोळ्यांना पदर लावला. त्यालाही रडू यायला हवं होतं. पण त्याच्या मनात एकच आलं, की उद्या एसटी पकडायची नाही, झोपायला मिळेल. त्याला इतकं हायसं वाटलं, की बायको शेजारी रडत असताना मान वर करून तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटली.