मष्णूआण्णांनी चोळलेला देठ

वडगावच्या मष्णूआण्णांना कुठलीही वस्तू अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. तीस वर्षं मागावर सूत पारखलेलं. भर मांडवात ते नवरदेवाचा शेलाही चोळून बघत आणि उगाच मान हलवत.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून एका रविवारी ते शेजारच्या शामूबरोबर बेळगुंदीकडच्या डोंगरावर चढले. वाटेत एक अनोळखी झाड दिसलं, हातभर पानांचं. आण्णांनी पान तोडलं, देठ चोळला, चीक सदऱ्याला पुसला आणि त्याच हातानं डोळ्यावरचा घाम निपटला.

थोड्या वेळात बोटं काळी पडली. पापणी चुरचुरू लागली.

"शामू, झाड कसलं रं हे?"

"मोबाईलला रेंज न्हाय आण्णा. फोटो काढून ठेवतो."

"माझा?"

"झाडाचा वो! तुमचा बी काढू काय, हाय तसा?"

आण्णांनी डोळा मिचकावून पाहिला. डोळाच गेला तर तुटलेला धागा दिसायचा कसा?

इतक्यात लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी वरून उतरत आली. बेळगुंदीची राजाबाई. आण्णांच्या हातातलं पान बघून तिनं मोळीच खाली टाकली.

"तोंडाला लावलासा काय?"

"डोळ्याला लागलंय आक्का! झाड कुठलं ते सांगा की!"

"रानात नाव घ्याचं न्हाय त्याचं. घेतलं की अंगावर उठतंय."

आण्णा झाडापासून दोन पावलं मागं सरले. वैरी समोर उभा, आणि त्याचं नावही कुणी सांगेना!

"मग उखाण्यात घ्या की," शामू म्हणाला.

राजाबाईनं नुसतं सदऱ्याकडं बोट केलं. पुसलेला चीक काळाकुट्ट झाला होता. असा डाग आण्णांनी लहानपणी पाहिला होता. धोबी एका रानफळाच्या चिकानं कपड्यावर अशीच खूण घालायचा, कापड फाटलं तरी न जाणारी.

"म्हंजे बिब्बा!" आण्णा ओरडले, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबणार तेवढ्यात राजाबाईनं मनगटं धरली. "हात लावू नगासा!"

तिनं कनवटीचं खोबरं चावून बोटांना, पापणीला चोळलं. डोंगर उतरताना आण्णा दर दहा पावलांना विचारत होते, "सुजलो काय रं?"

"थांबा, तुमचं मूळचं तोंड आठवू द्या."

रात्रभर झोप नाही. सकाळी डोळे मिटूनच त्यांनी बायकोला हाक मारली. "मंगल, बघ गं."

"बोटं वांग्यावानी झाल्यात. पापणी सुजलीया. उघडा बघू डोळा."

आण्णांनी देवाचं नाव घेऊन उघडला. मंगलच्या पदराच्या काठातला सुटलेला धागा स्पष्ट दिसला. त्यांनी सवयीनं चिमूट पुढं केली आणि कळवळून मागं घेतली.

"कुठलं झाड म्हणायचं हे?" मंगलनं विचारलं.

आण्णांनी खिडकीबाहेर डोंगराकडं बघितलं. मग सदरा आणून डाग तिच्यापुढं धरला.