अख्खी वाडी जुळली

“मॅडम, आता काय करू? अख्खी वाडी कोठडीत मावणार नाही,” इन्स्पेक्टर फोनवर म्हणाले.

माझ्याच डीएनए रिपोर्टवर त्यांनी वाडीतल्या भिकूला चोर म्हणून डांबलं होतं. मसुऱ्याकडच्या एका वाडीत भर दुपारी आनंदीकाकीचं मंगळसूत्र कुणीतरी खेचलं. तोंडाला टॉवेल बांधलेला. पंचनाम्यात झटापट होती, म्हणून काकीची नखं कापून आमच्या लॅबला आली. नखांत तिचा स्वतःचा डीएनए ढीगभर, पुरुषाचा चिमूटभर. अशा वेळी आम्ही फक्त वाय क्रोमोसोम बघतो. तो पुरुषांतच असतो. तो संशयित म्हणून पकडलेल्या भिकूशी जुळला. मी ‘मॅच’ लिहिलं आणि लॅबभर मिरवले. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. अक्कल यायची होती.

वाय बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा जातो. काका, चुलतभाऊ, पुतणे, सगळ्यांचा एकच. आणि ती वाडी एकाच मूळ पुरुषाची! भिकूला सोडवायला त्याचे भाऊबंद टेम्पो भरून नमुने द्यायला आले. सगळे जुळले. भिकूला पकडून देणारे पोलीस पाटीलही जुळले. एकाने तर रिपोर्ट लॅमिनेट करून मागितला. देवळातल्या मानावरून त्याचं भावकीशी भांडण होतं; आता तो त्याच घराण्याचा असल्याचा पुरावा हातात आला.

मी पोलीस स्टेशन गाठलं. भिकू गजाआडून म्हणाला, “मॅडमानू, सोमवारी माका बोटीवर हजर होवचा आसा. नोकरी जायत माजी.”

तेवढ्यात काकी नवऱ्याला घेऊन आली. मी विचारलं, “काकी, चोराला बोचकारलंत ना?”

“कसा बोचकारतलंय? तो मागसून इलो. माजे दोनव हात डोक्यावरच्या पाटयेक!”

“मग नखांत पुरुष आला कुठून?”

“अगो बाये, ह्येंची पाठ रोज खाजवूची लागता. घामोळां!”

काकांनी लगेच शर्ट वर करून पाठ दाखवली. काकाही त्याच भावकीतले.

“पंचनाम्यात झटापट कुणी घातली?” मी विचारलं.

इन्स्पेक्टर पंख्याकडे बघत म्हणाले, “केस जरा भारदस्त वाटावी म्हणून...”

“आणि तुमी तरी माका इचारलात खंय?” काकी माझ्यावर उखडली.

मी तिथेच बसून रिपोर्टची दुरुस्ती लिहिली. भिकू सोमवारी बोटीवर हजर झाला. मंगळसूत्र काही मिळालं नाही.

वाय घराणं सांगतो, माणूस सांगत नाही. आणि नखं तपासण्याआधी नखांच्या मालकिणीला विचारावं. त्याला किट लागत नाही.