अक्कांनी लिहिलं, आबांनी तपासलं

नोकरीतून मोकळी झाल्यावर मी एरंडोलच्या वाचनालयात दर रविवारी लेखनाचा वर्ग घेऊ लागले. जळगावहून बसने जायचे. शिकवायला जायचे खरी, पण माझी स्वतःची वही कित्येक वर्षं बंद होती. तरुणपणी दिवाळी अंकांना पाठवलेल्या कथा परत आल्या, तेव्हा जे मन उठलं ते उठलंच.

पहिल्या रविवारी तिघं आली. मी विचारलं, "तुम्हाला का लिहायचंय?"

एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर म्हणाले, "जन्मभर धुळ्याची गाडी चालवली. मागे बसलेल्यांचं बोलणं कानावर पडायचं, पण मान वळवता यायची नाही. आता वळवून बघायचंय."

वसतिगृहात राहणारी, सातपुड्याच्या पायथ्याकडची एक मुलगी म्हणाली, "मोहाची फुलं वेचताना आमच्या बाया जे बोलतात, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही."

तिसऱ्या होत्या साठी ओलांडलेल्या एक अक्का. प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या. त्या खाली बघत म्हणाल्या, "आमना घरमा त्यास्ले लकवा झाया. आवाज गया. ते कसा बोलेत, ते मी इसरी जासू, अशी भीती वाटस."

'त्यास्ले' म्हणजे त्यांच्या यजमानांना; त्यांना सगळे आबा म्हणत. मग अक्कांनीच विचारलं, "मॅडम, पुस्तकनी भाषामा लिखनं पडी का?"

माझ्या ओठांवर "हो" आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "नाही अक्का. आबा बोलायचे तसंच लिहा."

महिनाभराने त्या मला घरी घेऊन गेल्या. आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. अक्का वही उघडून वाचू लागल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी कापूस वेचताना त्यांना उन्हाने चक्कर आली होती. आबा बांधावरून धावत आले आणि म्हणाले, "थकी गई का?"

तेवढ्यात आबांनी डावा हात वर केला.

"काय झायं? चुकनं का?"

आबांनी मान हलवली. हो, चुकलं.

"मंग काय बोलनात? 'घर चाल'?"

नाही.

"'सावलीमा बस'?"

नाही. आबांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. अक्का त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग एकदम हळू म्हणाल्या, "'पानी पिनी का?'"

आबा हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण पुरेशी हसली. अक्कांनी पदराने डोळे टिपले आणि चुकलेल्या शब्दांवर रेघ मारली.

इतकी वर्षं संपादकांची नापसंती मी मनात धरून बसले होते. आपलं लिहिणं कुणीतरी इतक्या जिवाने ऐकावं, एवढ्यासाठीच तर मी लिहायला बसले होते एके काळी. ते मी विसरले होते.

परत येताना बसस्थानकासमोरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली. गाडीला वेळ होता. तिथल्या बाकावरच पहिलं पान लिहिलं, माझ्या आईच्या बोलीत. तीही अक्कांसारखीच बोलायची.

अक्कांची आता तिसरी वही चालू आहे. प्रत्येक पान आधी आबांना वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. परवा मी माझी चार पानं त्या दोघांसमोर वाचली. बोलीतला शब्द चुकला तिथे आबांनी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. या दोघांचे आभार कसे मानावेत, मला कळत नाही. मी लिहिते आहे, एवढं खरं.