मामांच्या घराचा फोटो

कुठलीही वस्तू चारचौघांसमोर आणायची तर आधी तिला आंघोळ घातली पाहिजे, असं मानणारा माझ्या पाहण्यातला एकमेव माणूस म्हणजे बोरी अरब गावचे माझे मामा. बाजारात न्यायची वांगीसुद्धा ते धोतराच्या सोग्याने पुसत. एकदा गाय विकायला काढली, तर तिला धुऊन, शिंगांना तेल चोपडून असं उभं केलं, की मामींनी तिची दृष्टच काढली आणि व्यवहार तिथेच मोडला.

पुढे मामी गेल्या, मामांचे गुडघे धरले आणि नागपूरला मुलाकडे जाणं भाग पडलं. घर विकायला निघालं. घेणारे अमरावतीचे एक म्हातारे गुरुजी. त्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांनी घराचा फोटो मागवला. झालं, मामांनी कंबर कसली. भिंतींना चुना, अंगणाला सारवण, छपराचे कवेलू एका रेषेत, दारातल्या निंबाच्या बुंध्याला गेरू. कोंबड्यांची रवानगी शेजारी. सगळं लखलखीत झालं, आणि यवतमाळहून आलेला फोटोग्राफर काळ्या फडक्याखाली शिरला, तेव्हा मामांचा चेहरा पडला. रिकामं घर सुतकातलं दिसतं म्हणे. त्यांनी अख्खी आळी बोलावली. न्हाऊन, भांग पाडून सगळे दारासमोर दाटीने उभे राहिले. तांड्यावरून दूध घालायला आलेली बाईसुद्धा चरवीसकट उभी राहिली. फोटोग्राफर कुरकुरला, की अशाने घर दिसणार नाही. मामा शांतपणे म्हणाले, "मी काय एकलं घर इकून राह्यलो? शेजार बी देऊन राह्यलो त्याले."

फोटोत घर म्हणून कवेलूंची तेवढी एक ओळ आली. आम्ही कपाळाला हात लावला. पण गुरुजींचा निरोप आला, की घर दिसलं नाही तरी घेतो. हाकेला इतकी माणसं येतात तिथे म्हातारपण बरं जाईल.

नागपूरच्या खोलीत त्या फोटोची एक प्रत टांगलेली असे. मामा ती रोज पुसत, एकेकावर बोट ठेवून नावं घेत. एकदा निरखून पाहताना माझ्या ध्यानात आलं, की त्यात मामाच नाहीत. विचारलं, तर म्हणाले, "ज्यायच्यासंग त्याले राहा लागनार होतं, त्यायलेच उभं केलं. मी तं चाल्लो होतो ना."

आणि सोग्याने पुन्हा काच पुसू लागले. काच स्वच्छच होती. मला त्यांच्याकडे पाहवेना.