प्रिंटरला कायमचा पत्ता

मोहाडीत तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मुलीनं आणि मी मिळून ते उभं केलं. ती कॉम्प्युटर सांभाळायची, मी गिऱ्हाईक. मग तिला बंगलोरला नोकरी लागली आणि दुकानात मी एकटी उरले.

ती गेल्यावर विजेची लाईन जाऊन आली की प्रिंटर मुकाट बसायचा. सातबारा घ्यायला आलेली माणसं ताटकळायची आणि मी तिला फोन लावायचे.

"आई, राउटरनं त्याले नवा नंबर देला. कॉम्प्युटर जुन्याच नंबरावर पाठवून राहिला," ती सांगायची. मग ती म्हणेल तसं मी करायचे. कागद बाहेर आला की विचारायची, "आज भाजी काय केली?" उन्हाळ्यात लाईन रोज जायची, म्हणून रोज बोलणं व्हायचं.

एका रविवारी ती म्हणाली, "आज त्याले कायमचा पत्ता देऊन टाकू. मंग तुले तरास नाही."

"मले कायचा तरास?" मी म्हटलं. पण तिनं ऐकलं नाही.

प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कमध्ये जाऊन मी 'ऑटो' काढलं, 'मॅन्युअल' केलं. पुढचे आकडे राउटरचेच ठेवायचे, शेवटी दोनशे टाकायचे. राउटर आपणहून वाटतो ते नंबर त्याच्या खालचे, म्हणजे हा दुसऱ्या कुणाला जाणार नाही. तोच पत्ता कॉम्प्युटरमध्येही लिहिला. चाचणीचं पान सरसर बाहेर आलं. तिकडे तिनं टाळ्या वाजवल्या, इकडे मीही हसले.

त्यानंतर लाईन गेली, आली. प्रिंटर आपला चालत राहिला. माणसं कागद घेऊन निघून जायची. तिचा आवाज कानावर पडेना. एका दुपारी मी सेटिंग उघडून 'ऑटो'पर्यंत बोट नेलं. मग बोट काढलं आणि सरळ फोनच लावला.

"काहून आई, बंद पडला का?"

"नाही, चालून राहिला."

"मंग?"

"तुयी आठवण आली," म्हटलं. ती गेल्यापासून हे मी एकदाही बोलले नव्हते.

ती हळूच म्हणाली, "आता मीटिंग आहे. सुटली का करतो फोन."

ऊन उतरलं तरी मी दुकान बंद केलं नाही. फोन आला तेव्हा समोरच्या चहावाल्यानंही टपरी आवरली होती. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदाच सांगितलं, की तिकडे खोलीवर तिला अजून करमत नाही.