सिस्टरबाईंचे बारा रविवार

सिस्टरबाईंना माणसं वजनानं लक्षात राहत. आजच्या नव्हे, जन्माच्या. समोर मिशा राखलेला, चाळिशीला टेकलेला ग्रामसेवक उभा असला तरी त्या चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "दोन किलो तीनशे. रडलाच नव्हतास तू. पाय धरून उलटा केला तेव्हा कुठं आवाज निघाला." तो गृहस्थ चारचौघांत खाली बघे. मग घरी चहाला चला म्हणे. आणि त्या जात.

हे चहाला जाणंच पुढे माझ्या जिवावर उठलं.

सिस्टरबाईंनी सेनगाव तालुक्यातल्या उपकेंद्रांवर छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर हिंगोलीत आमच्या गल्लीत, आमच्या शेजारी राहायला आल्या. नोकरीत जीपमधून जाता-येता त्यांना पडकी देवळं, बारवा, किल्ल्यांचे तट दिसायचे. उतरून बघणं कधी झालं नाही, कारण पुढच्या गावात कोणीतरी कळा देत असायचं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचे फोटो पाहून सांगितलं, पायऱ्या चढायच्या तर वर्षभर चढा, पुढचं मी सांगत नाही. नाशिकच्या मुलीनंही ठरवून टाकलं की पुढच्या पाडव्याला आई कायमची नाशिकला. तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही हिशोबी माणूस. मला एका वर्षात सगळं जुनंपुराणं दाखवा. बाकी काही राहिलं तरी चालेल, देवगिरी राहायला नको. वरपर्यंत जायचंय मला."

मी पाटबंधारे खात्यात आहे. मोजमाप हा माझा धंदा आणि बहुधा स्वभावही. आठ दिवस बसून मी वेळापत्रक तयार केलं. महिन्याचा एक रविवार, असे बारा. औंढ्याचं देऊळ, चारठाण्याची बारव, धारासूर, लोणार, कंधार, माहूर असं करत शेवटी देवगिरी. आधी सपाटीची ठिकाणं, मग चढाची, म्हणजे गुडघ्यांना सवय होईल. निघण्याची वेळ, अंतर, पोचण्याची वेळ, पाहण्याचा अवधी, जेवण, परतीची वेळ. कागद लॅमिनेट करून गाडीत लावला. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "ह्यात चहा कुठं आहे?"

पहिल्याच रविवारी औंढ्याला देवळाच्या बाहेरच एका फुलवालीनं त्यांना ओळखलं. दोन चहा, एक पोह्यांची बशी आणि सुनेच्या तब्येतीची सगळी हकिकत. देवळाबाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघायला मी दीड तास ठेवला होता, मिळाली वीस मिनिटं. मी मनाशी म्हटलं, आपलाच जिल्हा आहे, एवढं होणारच. जिल्हा ओलांडला की सुटलो.

इथं माझं गणित चुकलं. बाईंच्या हातून जन्मलेल्या पोरी मोठ्या झाल्या होत्या आणि लग्न होऊन जिंतूर, कंधार, माहूरकडेच तर गेल्या होत्या. चारठाण्याच्या बारवेत तीन पायऱ्या उतरतो न उतरतो तोच वरून हाक आली, "सिस्टरबाई, तुमी इथं काहून?" लिंबाळ्याच्या तांड्यावरची कुणी मुलगी होती. घर जवळच, सासूला तुम्हाला बघायचंय, लेकराला ताप आहे. बाई वर चढल्या. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी. खाली उतरायला शिल्लक ठेवलेले गुडघे त्या वर चढायला खर्चताना बघून माझ्या डोक्यात जाळ झाला.

"बाई, बारव राहिली," मी म्हणालो.

"दगडं आठशे वर्षं थांबलेत. अर्धा तास अजून थांबतील."

"दगड थांबतील हो. तुमचे गुडघे थांबणार नाहीत."

"ते मला माहीत न्हाई व्हय?" एवढंच बोलून त्या पुढे चालू लागल्या.

माझी बायको सुनंदा मागच्या सीटवर बसायची आणि दर वेळी त्यांचीच बाजू घ्यायची. मी घड्याळ बघितलं की म्हणायची, "बघून राहिले बघा आपले साहेब." दोघी हसायच्या. माहूरला आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. लोणारचं सरोवर वरूनच पाहिलं, खाली उतरायला वेळ उरला नाही. कंधारला किल्ल्याच्या दारात एक बाई भेटली आणि आम्ही तिच्या घरी भाकरी खाऊन परत आलो. किल्ला तिच्या अंगणातून दिसत होता, हे मात्र खरं. अकरा रविवारांत सात ठिकाणी पोचलो, त्यातली नीट पाहिली तीन. महाशिवरात्रीपर्यंत बाईंना आमच्या घराच्या चार पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून चढाव्या लागत होत्या.

देवगिरीच्या रविवारी मी कुणाचंही ऐकायचं नाही असं ठरवलं. पहाटे पाचला निघालो. थर्मासमध्ये चहा घेतला होता, म्हणजे कुठं थांबायला नको. काचा वर. सेनगावच्या स्टँडपाशी गतिरोधकावर गाडी हळू केली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबवा."

"नाही थांबवत."

"भाऊ, ती पोरगी बघा. चपला हातात घेऊन उभी आहे."

साखरा गावची पोरगी होती, आठव्या महिन्यातली. आईबरोबर जवळच्याच गोरेगावला बारशाला निघालेली, जीपची वाट बघत. पाय इतके सुजलेले की चपलेत मावत नव्हते. रात्रभर डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय म्हणाली. बाईंनी पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. सहलीच्या पिशवीत ते वर्षभर होतं हे मला तेव्हा कळलं. दोनदा मोजलं आणि पट्टा न काढताच यंत्र माझ्यापुढं धरलं. एकशे सत्तर आणि एकशे दहा.

"हिला आत्ता हिंगोलीला दवाखान्यात न्यायचं," त्या म्हणाल्या.

"बाई, पुढच्या रविवारी तुम्ही नाशिकला असाल."

"आकडा वाचता येतो ना तुम्हाला?"

मी गाडी वळवली. आयुष्यात प्रथमच एका आकड्याचा मला राग आला. पोरीच्या आईनं रस्ताभर माझी माफी मागितली, "तुमाला लई तकलीफ दिली साहेब," आणि प्रत्येक वेळी मला जास्तच कानकोंडं झालं. दवाखान्यात त्याच दुपारी तिचं बाळंतपण करावं लागलं. दोघी वाचल्या. मुलगी झाली, एक किलो नऊशे.

संध्याकाळी मी बाईंना विचारलं, तुम्हाला वाईटसुद्धा वाटत नाही का? विचारण्यात थोडा राग होता, तो लपवत नाही. त्या गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाटतं की. न वाटायला काय झालं? पण ते माझं मी बघते." आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळल्या. चौथ्या दिवशी जावई गाडी घेऊन आला आणि त्या गेल्या. स्टीलचे डबे, पाटा-वरवंटा आणि तुळशीची कुंडी आमच्याकडे ठेवून.

मागच्या महिन्यात मी आणि सुनंदा देवगिरीला जाऊन आलो. सव्वादोनशे किलोमीटर, मध्ये एकदाही न थांबता. ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो, पायथ्यापासून वरच्या तोफेपर्यंत प्रत्येक पायरी मोजली, खाडाखोड न करता वहीत लिहिली. वरून बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आत्ता नको. उन्हात उभे आहात. सुनंदाला पाणी द्या आणि रात्री जेवल्यावर निवांत सांगा."

जेवल्यावर मी वही उघडली आणि पायऱ्यांचा आकडा सांगितला. पलीकडून आवाज आला, "तो राहू द्या. मी खाली उभी आहे असं धरा. पहिल्या दरवाज्यातून आत गेले. उजव्या हाताला काय आहे?"

मी वहीत पाहिलं. मग सुनंदाकडे. उजव्या हाताला मी पाहिलंच नव्हतं, मी मोजत होतो.

"भाऊ? दिसतंय का काही?"

"थांबा जरा," मी म्हणालो.

"थांबते की," सिस्टरबाई म्हणाल्या. सुनंदानं उठून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं आणि पुढचा रिकामा रविवार शोधू लागली.